निजसुऱ्यांचा सर्बियन प्रबंध

हेमचंद्र निजसुरे वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी क्योतोत पुन्हा विद्यार्थी झाले, तेव्हा पुण्यातल्या नातेवाइकांनी त्यांच्या बायकोला फोन करून घरात सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. सगळं ठीक होतं. निजसुऱ्यांना आयुष्यात एकदा स्वतःचं असं काहीतरी पुरं करायचं होतं, एवढंच. हे त्यांच्या लक्षात यायला जरा उशीर झाला होता.

तरुणपणी ते पुण्यात रशियन शिकले. त्या काळी रशियन येणाऱ्याला भाव होता. नाशिककडच्या एका कारखान्यात सोव्हिएत इंजिनिअर यायचे आणि निजसुरे दिवसभर त्यांच्या मागे फिरायचे. इंजिनिअर बोलले की हे मराठीत सांगायचे. फोरमन चिडला की त्याचा राग जरा गोड करून रशियनमध्ये पोचवायचे. सात वर्षं असं चाललं आणि मग सोव्हिएत युनियनच शिल्लक राहिलं नाही. जगातल्या एवढ्या मोठ्या उलथापालथीत आपली नोकरी गेली, हे निजसुरे पुढे थोड्या अभिमानानेच सांगत. पण नोकरी गेली ती गेलीच.

मग लग्न झालं. अनुराधा पदार्थविज्ञानातली हुशार मुलगी, तिला त्सुकुबाच्या एका संस्थेत जागा मिळाली आणि चार वर्षांच्या अपूर्वाला घेऊन तिघं जपानला आली. तिथे निजसुरे झाले 'अनुराधा-सानचे पती'. अपूर्वाला शाळेत सोडणं, डबा करणं, कोणता कचरा कोणत्या वारी ठेवायचा याचा तक्ता पाठ करणं ही कामं त्यांच्याकडे आली आणि त्यांनी ती नेटाने केली. २०११च्या भूकंपात अनुराधाच्या प्रयोगशाळेतली नाजूक यंत्रं निकामी झाली, ती दुरुस्त होईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्याच वर्षी शरद ऋतूत तिने क्योतोतली नोकरी धरली. निजसुऱ्यांनी नव्या शहराचा कचऱ्याचा तक्ता पाठ करायला घेतला.

त्या तक्त्यामुळेच त्यांना देसांकाबाई भेटल्या. एका सकाळी कोपऱ्यावर मोहल्ल्याचे एक म्हातारे स्वयंसेवक एका गोऱ्या बाईंना अतिशय नम्रपणे झापत होते. बाटल्यांची झाकणं काढलेली नव्हती. बाई जपानीत माफी मागत होत्या आणि मध्येच खाली मान घालून स्वतःशी काही पुटपुटत होत्या. निजसुरे थबकले. पुटपुटणं रशियन नव्हतं, पण 'हा माणूस काय मागतोय माझ्याकडून' एवढं त्यांना चक्क कळलं. वीस वर्षं कोणी रशियनचं नावही काढलं नव्हतं त्यांच्यापाशी. त्यांनी पुढे होऊन रशियनमध्ये विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

देसांकाबाई सर्बियन, नोव्ही साद या शहरातल्या. जपानी नवऱ्याबरोबर तीस वर्षांपूर्वी इथे आल्या, नवरा गेला, आता घरी पियानो शिकवतात, नातवंडं जपानीखेरीज काही बोलत नाहीत. शाळेत आठ वर्षं रशियन सक्तीची होती, ती गंजलेली भाषा त्यांनी त्या कोपऱ्यावरच बाहेर काढली. दोघं बाटल्यांची झाकणं काढत अर्धा तास बोलले. घरी येऊन निजसुऱ्यांनी अनुराधाला सांगितलं, "अगं, सर्बियन मला निम्मी येते, आणि मला आजवर माहीतच नव्हतं." त्या दिवशी ते फार आनंदात होते.

आनंदाच्या भरात माणसं काहीही करतात, निजसुऱ्यांनी विद्यापीठात अर्ज केला. कितामुरा-सेन्सेई नावाच्या, रशियन-सर्बियनसारख्या स्लाव्ह भाषांमध्ये हयात घालवलेल्या प्राध्यापकांनी त्यांना समोर बसवून रशियनमध्ये तासभर पारखलं आणि घेतलं. विषय ठरला: रशियन आणि सर्बियन, रोजच्या बोलण्यात एकमेकींपासून किती लांब.

पुस्तकांप्रमाणे त्या बऱ्याच लांब आहेत. दोघींचं गोत एक, पाणी, भाकरी, भाऊ, हात हे शब्द सारखेच. पण रशियन माणूस आघात नसलेले स्वर गिळून टाकतो. लिहितो 'वोदा' आणि म्हणतो 'वदा'. सर्बियन बाई मात्र प्रत्येक स्वर पुरता उच्चारते, वर आवाजाला चढ-उतार देते. रशियन 'तो डॉक्टर' म्हणून थांबते, सर्बियनला मराठीसारखं 'आहे' लागतं. हाक मारताना नावाचं रूप बदलायची आपली जुनी सवय सर्बियनने राखली आहे, रशियनने जवळजवळ सोडली आहे. आणि 'मला जायचंय' असं रशियन एका दमात म्हणते, तिथे बेलग्रेडकडचा सर्बियन माणूस 'मला हवं की मी जावं' असा वळसा घेतो. निजसुरे हे सगळं ओळखीच्या माणसांना ऐकवत. राजधानीतल्या हिगाशी-कसाई भागातून दिवाळीला आलेल्या सॉफ्टवेअरवाल्या पाहुण्यांनाही त्यांनी ऐकवलं, आणि पाहुणे दुसऱ्या दिवशी ठरल्यापेक्षा लवकरच्या गाडीने गेले.

प्रबंधासाठी त्यांना सर्बियन बोलणारी माणसं हवी होती. देसांकाबाई होत्याच. त्यांनी क्योतोतल्या आणखी दोघींची गाठ घालून दिली. नागोयात मोटारींच्या कारखान्यात आलेला एक इंजिनिअर आणि त्याची बायको मिळाली. या पाच जणांकडे निजसुरे महिन्यातून एकदा रेकॉर्डर घेऊन जात आणि आज काय केलंत, उद्या काय करायचंय, आजारी पडलात तर कोणाला बोलावता, असले साधे प्रश्न विचारत. विचारत रशियनमध्ये. उत्तरं मात्र सर्बियनमध्ये द्यायची, असा नियम होता.

पहिल्याच वर्षी सेन्सेई चहा ओतता ओतता म्हणाले होते, "प्रश्न जपानीतून विचारून पाहिले तर, म्हणजे, कसं होईल, असं जरा वाटतं." निजसुऱ्यांनी हे मत म्हणून ऐकलं आणि आपलंही मत दिलं, की स्लाव्ह माणसाशी स्लाव्ह भाषेत बोललं की तो मोकळा होतो. सेन्सेई "असं का" म्हणाले आणि चहा पिऊ लागले. जपानात नऊ वर्षं काढूनही, इथले प्राध्यापक 'जरा वाटतं' म्हणतात तेव्हा तो आदेश असतो, हे निजसुऱ्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. खरं तर त्यांना रशियन बोलायचं होतं. इतक्या वर्षांनी ती जिभेवर आली होती, ती कोण सोडणार?

काम झकास चाललं. देसांकाबाई ऑक्टोबरात लाल मिरच्या भाजून त्यांची चटणी करत, एक बाटली निजसुऱ्यांच्या नावाने बाजूला असे. बाई सावकाश, स्वच्छ बोलत. नागोयाचं जोडपंही तसंच. चव्वेचाळीस तासांचं बोलणं गोळा झालं आणि त्यातून निजसुऱ्यांना एक गोष्ट दिसू लागली: ही माणसं पुस्तकात म्हटलंय तितका वळसा घेत नाहीत. 'मला जायचंय' सरळ म्हणतात, रशियनसारखंच. शब्दही जिथे दोन असतील तिथे रशियनच्या जवळचा उचलतात. म्हणजे बोलण्यातल्या या दोघी पुस्तकातल्या दोघींपेक्षा जवळच्या आहेत. हे याआधी कोणी इतक्या पुराव्याने मांडलं नव्हतं. प्रबंधाचं चौथं प्रकरण याचंच होतं, ते वाचून सेन्सेईंनी समासात 'फार चांगलं' असं लिहिलं. निजसुऱ्यांनी त्या पानाचा फोटो काढून ठेवला.

२०१५च्या डिसेंबरात प्रबंध द्यायचा होता. पुढच्या मार्चअखेर सेन्सेई निवृत्त व्हायचे होते आणि विभागात सर्बियन जाणणारं दुसरं कोणी नव्हतं. तेव्हा पदवी मिळायची तर याच खेपेला, नाहीतर नाही. ऑक्टोबरच्या शेवटी सगळी प्रकरणं लिहून तयार होती. घरात अपूर्वा सोळा वर्षांची झाली होती आणि बापाला 'हाकासे' म्हणजे डॉक्टर म्हणून चिडवायला लागली होती. बाप वरवर रागवायचा.

याच सुमारास मिझुहो नावाची एक विद्यार्थिनी त्यांच्या मागे लागली. ती हिंदी शिकलेली होती आणि आता मराठीवर काम करणार होती. मराठी माणूस विद्यापीठातच मिळाल्यावर तिला आणखी काय हवं होतं? निजसुऱ्यांनी तिला तीन बैठका दिल्या. ती हिंदीतून वाक्य विचारायची, ते मराठीत सांगायचे. आपल्या बाजूला बसून कोणीतरी आपलं बोलणं टिपून घेतंय, हे त्यांना फारच आवडलं. मग एका शनिवारी दुपारी त्यांनी तिला घरी जेवायला बोलावलं.

जेवणं झाल्यावर मिझुहोने लॅपटॉप उघडला. काही शब्द नीट ऐकू येत नव्हते, ते तिला अपूर्वाकडून तपासून घ्यायचे होते. रेकॉर्डिंगमध्ये मिझुहोचा आवाज म्हणाला, "मैं उसका इंतज़ार कर रही हूँ।" आणि निजसुऱ्यांचा आवाज गंभीरपणे म्हणाला, "मी त्याची प्रतीक्षा करत आहे."

अपूर्वाने मान वर केली. "हे बाबा आहेत?"

"हो, निजसुरे-सान," मिझुहो म्हणाली.

"नाही हं. बाबा असं नाही बोलत. इट्स लाइक न्यूजमधला माणूस."

पुढचं वाक्य लागलं. "मेरी मदत कीजिए।" आणि निजसुऱ्यांचा आवाज, "माझी मदत करा."

अपूर्वा हसायलाच लागली. "आई, ऐक ना. मी असं म्हटलं की बाबा किती ओरडतात. मला मदत कर म्हण, माझी नाही, माझी काय म्हणतेस. एव्हरी टाइम."

अनुराधा भांडी आवरता आवरता बाहेर आली. "हेम, अरे 'वाट बघतोय' म्हणायला काय झालं होतं तुला?"

"अगं, तिला हिंदी येते ना," निजसुरे म्हणाले. "तिला पटकन समजावं म्हणून..."

वाक्य अर्धंच राहिलं. समोरच्याला हिंदी येते म्हटल्यावर मराठी माणूस आपली भाषा बाजूला सारतो, पुण्यात रिक्षात बसल्यापासून ते हेच करत आले होते. दुसऱ्यांनी केलं की चिडतही आले होते. इथवर ती गंमतच होती. पण रशियन येणारा कोणी समोर येऊन बसला की सर्बियन माणूस काय करत असेल, हा प्रश्न चार वर्षांत त्यांना एकदाही पडला नव्हता. मिझुहो वहीत काहीतरी खोडत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. देसांकाबाई रविवारी संध्याकाळी पाच वाजता नोव्ही सादच्या बहिणीशी संगणकावर बोलतात, हे त्यांना माहीत होतं. त्या वेळी ते कधी गेले नव्हते. पुस्तक परत करायचं निमित्त करून ते पावणेपाचला पोचले. बाई म्हणाल्या, "बसा, बहिणीचा फोन आहे, वीस मिनिटं." निजसुरे चहाचा कप घेऊन कोपऱ्यात बसले. रेकॉर्डर पिशवीत होता. तो त्यांनी काढला नाही.

बहीण पडद्यावर आली आणि देसांकाबाईंनी तोंड उघडलं. निजसुऱ्यांना ही बाई अनोळखी वाटली. आवाज वर चढत होता, खाली येत होता, वाक्यं एकमेकींवर आदळत होती, मध्येच दोघी एकदम हसत होत्या. वीस मिनिटांत त्यांना तीन नावं, दोन आकडे आणि भाकरी एवढंच हाती लागलं. 'मला हवं की मी यावं' हा वळसा मात्र त्यांनी पाच वेळा मोजला आणि मग मोजायचं थांबवलं. बोलणं संपलं. बाई वळल्या आणि त्यांच्याकडे बघून, एकेक शब्द ठेवल्यासारखा सावकाश ठेवत, स्वच्छ विचारलं, "आणखी चहा घेणार?" हे त्यांना पूर्ण कळलं.

त्यांनी बाईंना काही सांगितलं नाही. काय सांगणार? या बाईने चार वर्षं त्यांना आपल्या घरात बसवून, त्यांना समजेल अशी भाषा मुद्दाम निवडून निवडून वाढली होती. ती भाषा कुठल्याच गावात कोणी बोलत नव्हतं. पाच माणसांनी एका पाहुण्यासाठी ती तयार केली होती आणि पाहुण्याने तिचं चौथं प्रकरण लिहिलं होतं.

आठवडाभर त्यांनी चव्वेचाळीस तासांतलं जमेल तेवढं पुन्हा ऐकलं. जिकडेतिकडे तेच. नागोयाचा इंजिनिअर बायकोशी मध्येच पुटपुटला होता ती दोन वाक्यं तेवढी खरी होती, आणि ती 'अस्पष्ट' म्हणून त्यांनी गाळली होती. शेवटी त्यांनी अनुराधाला सगळं सांगितलं.

तिने शांतपणे ऐकलं. "यंत्र चुकीचं लावलं असेल तर रीडिंग टाकून द्यायचं, हेम. दुसरं काय करणार?"

"यंत्र मीच होतो."

"हो, ते झालंच," ती म्हणाली. "मला फार वाईट वाटतंय. पण देऊ नकोस तो प्रबंध."

"कोणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही, माहितीये?"

"तुझ्या आलंय ना?"

निजसुऱ्यांनी आणखी तीन दिवस घेतले. ते काही संत नव्हते. पदवीचा कागद डोळ्यांसमोर येत होता, पुण्यातले फोन येत होते, चौथं प्रकरण वगळून उरलेलं द्यावं का, याचा हिशोब त्यांनी दोनदा करून पाहिला. चौथं काढलं की पाचवं आणि सहावं उभंच राहत नव्हतं. चौथ्या दिवशी ते सायकल काढून विद्यापीठात गेले.

सेन्सेईंच्या खोलीत पुस्तकांची खोकी भरायला सुरुवात झाली होती. निजसुऱ्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, रेकॉर्डिंग, मिझुहो, रविवारचा फोन, सगळं. सेन्सेईंनी पहिल्या वर्षीच्या चहाचा विषय काढला नाही. निजसुऱ्यांना मात्र तो आता लख्ख आठवला.

"हेसुद्धा संशोधनच आहे," सेन्सेई एक पुस्तक खोक्यात ठेवत म्हणाले. "माणसं परक्याशी कशी बोलतात, याचं. पण त्याला नवी माणसं, नवे प्रश्न आणि दोन वर्षं लागतील. माझ्याकडे चार महिने आहेत."

"हो."

"मी गेल्यावर तुम्हाला कोण बघेल, ते मला सांगता येत नाही. क्षमस्व."

इथल्या विद्यापीठांत एक सोय आहे: सगळे अभ्यासक्रम पुरे केले पण प्रबंध दिला नाही, तर तसं लिहून रीतसर बाहेर पडता येतं. पदवी नाही, पण अपमानही नाही. त्याचा एक छापील अर्ज असतो. सेन्सेईंनी तो खणातून काढला, आपला शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. निजसुऱ्यांनीही दोन्ही हातांनी घेतला. बाहेर सायकलपाशी येऊन ते बराच वेळ कुलपाशी झटत राहिले, कारण डोळ्यांना नीट दिसत नव्हतं.

पुण्याला अनुराधाने कळवलं. मिझुहोला निजसुऱ्यांनी स्वतः सांगितलं, की माझ्या तिन्ही बैठका फेकून दे आणि अपूर्वा आईशी बोलते ते टिपून घे. तिने खरोखरच तसं केलं. राहता राहिल्या देसांकाबाई. त्यांना चुकवत चुकवत डिसेंबर सरला, जानेवारी सरला. फेब्रुवारीत त्याच कोपऱ्यावर त्या समोर आल्या आणि त्यांना ओढतच घरी घेऊन गेल्या.

"काय मग, डॉक्टर म्हणायचं ना आता?" त्यांनी नेहमीच्या सावकाश सर्बियनमध्ये विचारलं.

"नाही," निजसुरे रशियनमध्ये म्हणाले. "काम पुरं झालं नाही. सोडलं मी."

बाईंचा चेहरा उतरला. "का? इतकी वर्षं..."

निजसुऱ्यांनी रस्ताभर उत्तर जुळवलं होतं, ज्यात बाईंचा दोष कुठे येणार नाही असं. "मला वाटलं होतं, रशियन आणि सर्बियन बोलण्यात फार जवळच्या आहेत. त्या तशा निघाल्या नाहीत."

"नाहीतच," देसांकाबाई सहज म्हणाल्या. "मुळीच नाहीत. मी बहिणीशी बोलते तशी तुमच्याशी बोलले असते, तर तुम्हाला काही कळलं असतं का? आम्ही सगळेच तुमच्याशी जपून बोलतो. नागोयाच्या त्या मुलाला मीच तसं सांगून ठेवलं होतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "हेच शोधत होतात? मला विचारायचंत. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

चार वर्षांत निजसुऱ्यांनी या बाईला शेकडो प्रश्न विचारले होते. त्यांना स्वतःचं हसू आलं, आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटलं की ते हसू तोंडावर आलंच नाही. मग त्यांनी, आता कसलाही उपयोग नसताना, विचारलं, "आता बोलाल का माझ्याशी? बहिणीशी बोलता तसं? मला नाही कळलं तरी चालेल."

"त्यात काय," बाई म्हणाल्या. त्या सरसावून बसल्या, हात मांडीवर घेतले, श्वास घेतला. प्रयत्न त्यांनी मनापासून केला, हे दिसत होतं. पण समोर निजसुऱ्यांचा चेहरा होता, कान देऊन बसलेला. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि या हिवाळ्यात थंडी किती पडली, गुडघा कसा दुखतो, आणि तुम्ही इतके दिवस आला नाहीत तर घर कसं रिकामं वाटलं, हे सगळं सांगितलं.

निजसुऱ्यांना शब्द न् शब्द कळला.